संदर्भ विभागाच्या ग्रंथपाल बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपण संदर्भ विभागातून निवृत्त झालात हे कळले आणि राहून गेलेले आभार लेखी मानावेत असे ठरवले. कोशांच्या खंडांतील शब्द, खाद्यपदार्थ, वाद्ये, भाषा अशा नोंदी कोणताही ठरलेला विषय हाती नसताना चाळत बसणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला आपण कधी 'नेमके काय हवे आहे?' असे विचारून उठवले नाहीत. खंड घरी नेऊ द्यायलाही कधी तयार झाला नाहीत, आणि तेही योग्यच होते.

माझ्यावरचे सर्वांत मोठे ऋण मात्र भारतातील भाषांविषयीच्या दोन नोंदींचे आहे. जुन्या कोशात १९६१ च्या जनगणनेच्या आधारे १,६५२ हा आकडा होता, तर अलीकडच्या नोंदीत २०११ च्या जनगणनेनुसार १२१. पन्नास वर्षांत दीड हजार भाषा नाहीशा झाल्या का, असे मी विचारले, तेव्हा आपण उत्तर न देता दोन्ही खंड शेजारी शेजारी उघडलेत, आणि आधी जुन्या नोंदीतील 'मातृभाषा' या शब्दावर, मग नव्या नोंदीच्या तळटिपेवर पेन्सिलीचे मागचे टोक टेकवलेत. १९६१ चा आकडा मातृभाषांचा होता. २०११ मध्येही छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या होत्याच. त्यांपैकी दहा हजार किंवा अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा १२१ भाषांखाली गटवार मांडल्या गेल्या, आणि त्यामुळे भोजपुरी किंवा छत्तीसगढी हिंदीच्या आकड्यात मोजली गेली. (भाषा लोप पावतात हे खरेच, पण ते या वजाबाकीवरून सिद्ध होत नाही.) तेव्हापासून कोणताही आकडा वाचला की तो कशाचा, कोणी आणि कोणत्या वर्षी मोजलेला, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि नोंद उघडण्याआधी आवृत्तीचे साल व नोंदीखालचे लेखकाचे नाव पाहण्याची सवयही आपलीच देणगी आहे.

नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेल्या 'पहा' या सूचनेकडे दुर्लक्ष करू नये, असे आपण एकदा सहज म्हणाला होतात. मिरचीच्या नोंदीवरून त्या वाटेने अमेरिका खंड आणि पोर्तुगीज व्यापारापर्यंत जाता येते, हे अनेकांना ठाऊक असेल. मला अधिक रमवले ते हार्मोनियमने. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेटंट घेतलेले हे वाद्य, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या हातून जमिनीवर बसून वाजवण्याजोगे झालेली पेटी, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) घेता येत नाही, स्वर ठरावीक जागी बांधलेले आहेत, या आक्षेपांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर घातलेली व १९७१ पर्यंत टिकलेली बंदी, हे सारे एकाच नोंदीत मिळाले नाही. वाद्य, रेडिओ आणि स्वरसप्तक अशा तीन ठिकाणांहून ते गोळा करावे लागले, आणि दर वेळी पुढचा खंड मी मागण्याआधीच आपण टेबलावर आणून ठेवला होतात.

सध्या त्याच वाटेने मी श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांच्या, नोंदींपर्यंत आलो आहे. २२ या संख्येवर कोशकारांचे एकमत दिसते, पण त्या २२ श्रुतींची अंतरे समान मानावीत की असमान, यावर ते मुळीच सहमत नाहीत. आपल्या जागी आलेल्या ग्रंथपालांना मी दोन्ही मतांचे खंड एकदम मागितले आहेत.

आपला कृतज्ञ,
एक वाचक