मन्या, मी बसलो

वेंगेन, बुधवार रात्र

प्रिय मन्या,

शिव्या आधीच घालून घे. दिवाळीपासून फोन नाही, तुझ्या तीन मेसेजना नुसता अंगठा दाखवला. तब्येत ठीक. शुगर काठावर आहे, ती काठावरच असते. फोन करायचं सोडून लिहीत बसलोय, कारण फोनवर तू हसशील आणि मग पुढचं माझ्या तोंडून निघणार नाही.

इथे स्वित्झर्लंडमध्ये शाळांना फेब्रुवारीत हिवाळी खेळांची सुट्टी असते, म्हणून वेंगेनला आलोय. गावात मोटार येत नाही. खाली लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी चढते, १८९३ पासून. उन्हानं काळपट पडलेली लाकडी घरं, छपरांवर बर्फाच्या गाद्या, आणि खिडकी उघडली की समोर थेट युंगफ्राऊ, ४१५८ मीटर. तुला आवडलं असतं. म्हणजे आधी तू चहाचा भाव ऐकून अर्धा तास बडबडला असतास, मग आवडलं असतं.

चिमी तीन दिवसांत स्की करायला शिकली. पोरांना शिकवणारी बाई 'पिझ्झा' म्हणाली की स्कीची टोकं जवळ आणून वेग कमी करायचा, 'फ्राइज' म्हणाली की सरळ सोडायच्या. मला मोठ्यांच्या वर्गात कोणी खाण्याचं काही बोललं नाही, म्हणून जमलं नसेल. ते बूट म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरात. जिना उलटा उतरावा लागतो.

आज मलाच खाज सुटली. चिमीला घेऊन क्लाइन शाइडेगला गेलो, २०६१ मीटर. डोक्यावर आयगर शिखराची उत्तर भिंत. बापूच्या खोलीत जिचं पोस्टर होतं, तीच. १९३८ साली पहिल्यांदा चढली गेली, हे तू पोस्टरखाली खडूनं लिहिलं होतंस आणि घरमालकानं बापूकडून रंगाचे पैसे घेतले होते. तिच्याखाली छाती काढून फोटो काढला, तुला जळवायला. पाठवला नाही.

नकाशावर निळी वाट सोपी, लाल मधली, काळी आपण बघायचीसुद्धा नाही. आम्ही निळीच धरली. एका वळणाला बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, स्कीखाली करकर वाजायला लागला. पुढे पांढरं, मग एकदम काही नाही, आणि त्या काही-नाहीच्या खाली दरी. मी बसलो. पडलो नाही, मन्या. बसलो. चिमी खालून ओरडतेय, "बाबा, पिझ्झा! पिझ्झा!" पाच-सहा वर्षांची पोरं शेजारून सरसर जातायत. याच डोंगरावर जानेवारीत लाउबरहॉर्नची शर्यत होते, गडी साडेचार किलोमीटर अडीच मिनिटांत उतरतात. मी अर्ध्या तासात वीस मीटर, तेही बुडावर.

आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आठवली.

बेलपाड्याकडून चढताना त्या कातळटप्प्यावर तू सॅक पोटाशी धरून बसलास तो दीड तास. मी खालून ओरडत होतो, "पंगतीला बसलायस का रे?" मग दिल्याच्या लग्नात नक्कल. तुझ्या लग्नात, तुझ्या सासऱ्यांसमोर नक्कल. तू सहा महिने बोलला नाहीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की स्टोव्हच्या पैशांवरून बिनसलंय. (ते पैसे तू अजून दिलेले नाहीस, पण ते असो.) मला खरंच वाटायचं, तू उठत नाहीयेस. आज डोकं म्हणत होतं, ऊठ, सोपं आहे; आणि मांड्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

शेवटी चिमी आडवी पावलं टाकत वर आली. एका म्हाताऱ्यानं माझ्या स्की काढून दिल्या. कडेकडेनं चालत वेंगर्नआल्प स्टेशन गाठलं. माझ्या काठ्या चिमीच्या हातात.

गाडी आली तर डबाभर मराठी! वरचं युंगफ्राउयोख स्टेशन बघून उतरणारा ग्रूप. माकडटोपीतल्या एका काकूंनी बाकरवडीचा पुडा पुढे केला. "अगंबाई, स्कीइंग करून आलात? बघा हो, आपली माणसं!" त्यांचे हो म्हणाले, "पार वरून?" मी म्हटलं, "हो, वरूनच." स्कीसकट माझा फोटो काढला त्यांनी. कुठल्या तरी नातेवाइकांच्या ग्रूपवर एव्हाना मी हिरो असेन. चिमी खिडकीबाहेर बघत होती. बाकरवडी तिनं घेतली नाही. तिला किती आवडते, तुला माहीत आहे.

मेधाला सांगितलंय, गुडघा लचकला. चिमी तिथेही गप्पच. एरवी मी दूध ओतू घातलं तरी आईला पहिली बातमी हीच देते. मघाशी झोपताना म्हणाली, "बाबा, मन्याकाका डोंगरात बसले होते, ती गोष्ट सांग ना." नकलेसकट पाठ आहे तिला, माझ्याकडूनच. ती मुद्दाम म्हणाली की सहज, हे कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, झोप आता. तेव्हापासून स्वयंपाकघरात बसलोय.

तुझ्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? रोहनला पुण्यात मिळालं की नाही? वहिनींना नमस्कार, त्यांच्यासाठी चॉकलेट घेतलंय, तुझ्यासाठी नाही.

त्या दिवशी तू शेवटी उठलास कसा रे? मी कधी विचारलंच नाही. पत्राचा फोटो काढून आत्ताच पाठवतोय, लगेच कळव. स्कीचा पास शुक्रवारपर्यंत आहे आणि उद्या दुपारी चिमीचा वर्ग एकला सुटतो.

तुझा,
संज्या