लिलीचा रंग मागून, आधी ऊन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी कमळं फुलवण्याबद्दलचं टिपण वाचलं. फोटो वॉटर लिलीचा, मजकूर कमळाचा आणि शेवटी सल्ला काय, तर आवडेल त्या रंगाचं रोप आणा. नेमक्या याच सल्ल्यापायी माझे अकराशे रुपये आणि दोन पावसाळे वाया गेले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या. पण आमच्या परड्यातल्या डोणीवर ऊन किती वेळ टिकतं, हे मोजायचं काही सुचलं नाही. ही डोण आजोबांच्या वेळची, काळ्या दगडाची, बैलांना पाणी पाजायची. आतून साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. बैल कधीच गेले. निवृत्तीनंतर डोण घासूनपुसून लिली आणायला एका रोपवाटिकेत गेलो, तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, कमळ काय न् लिली काय, एकच." आणि कमळाचा कंद दिला. त्याची पानं पाण्याबाहेर दोन-अडीच फूट उभी राहिली, छत्र्या उघडल्यासारखी. सगळी डोण झाकून गेली. फूल एकही नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. लिलीचं पान पाण्यावर पसरून राहतं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं, भाकरीचा एक घास तोडून घ्यावा तसं. कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध, आणि वाढलं की ते पाण्याच्या वर उठतं. नात्यानंसुद्धा दोघं लांबचे. वनस्पतिशास्त्रात कमळाचा जवळचा भाऊबंद काश्मीरचा चिनार निघाला आहे, लिली नव्हे. उलट उपासाला आपण जे मखाणे खातो ते कमळाचं बी आहे असं आमच्या घरी सगळे धरून चालत. ते येतं बिहारकडच्या तळ्यांतल्या एका काटेरी झाडाचं, आणि ते झाड मात्र लिलीच्या कुळातलं. हे कळल्यापासून एकादशीला मी घरात जरा जास्तच बोलतो, अशी तक्रार आहे.

दुसऱ्या वर्षी नीट पाहून लिलीच आणली. गडद लाल, चिठ्ठीवर नाव 'अ‍ॅट्रॅक्शन'. जात नामांकित आहे, फ्रान्सच्या लातूर-मार्लियाक रोपवाटिकेची, १९१० सालची. पण ती तळ्यात लावायची जात! तिला पसरायला चार-पाच फूट मोकळं पाणी लागतं. माझ्या डोणीत पानांवर पानं चढली आणि अख्ख्या हंगामात एक फूल आलं, तेही अर्धवट उघडलं.

तेव्हा कुठे जुना धंदा आठवला. खडू घेतला आणि उजाडल्यापासून दर अर्ध्या तासाने डोणीच्या काठावर सावलीची रेघ मारत बसलो. शेजारच्या चार मजली इमारतीचं काम नुकतंच पुरं झालं होतं. हिशेब निघाला तो असा : ऊन सकाळी ९.४० ला येतं आणि १.२० ला जातं. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. बहुतेक लिलींना निदान सहा तास थेट ऊन लागतं. खत, माती, पाणी, कशाचाच दोष नव्हता. ही मोजणी दोनदा करावी, उन्हाळ्यात एकदा आणि मार्गशीर्षात एकदा. सूर्य दक्षिणेला सरकला की हद्द बदलते.

एवढ्या उन्हात फुलणारी जात विचारत विचारत 'डॉबेन'पर्यंत पोचलो. ऑक्सफर्डच्या डॉबेनी नावाच्या प्राध्यापकांवरून हे नाव पडलं. फूल लहान, फिकट निळसर, वास गोड, आणि तीन-चार तासांच्या उन्हावर ती भागवते. शिवाय पानाच्या मध्यावर, देठ जिथे मिळतो तिथेच, तिला पिल्लू फुटतं. पान जुनं झालं की ते पिल्लू मुळांसकट वेगळं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कीड समजून खुडायला निघालो होतो.

ही झाली उष्ण प्रदेशातली जात. तिचा कंद कुंडीच्या मधोमध लावायचा. थंडी सोसणाऱ्या ज्या जाती 'हार्डी' म्हणून मिळतात, त्यांचा कंद आल्यासारखा आडवा वाढतो. तो काठाला टेकवून, कोंब वर ठेवून तिरपा लावायचा, म्हणजे पुढे सरकायला जागा राहते. निळा रंग हवा असेल तर हार्डीत शोधत बसू नये, तिथे तो जवळजवळ नाहीच. गर्द निळ्या फुलाचा फोटो दाखवून बियांची पाकिटं विकतात, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नये. या संकरित लिली कंदापासून किंवा पिल्लांपासूनच करतात. माती शेतातली काळी, चिकट घ्यावी. कोकोपीट आणि शेणखत पाण्यात तरंगतं, कुजतं. वर दोन बोटं बारीक खडी. महिन्यातून एकदा चिमूटभर डीएपी खत कागदात गुंडाळून मुळाशी खोल खुपसतो. कागद आपल्याच दैनिकाचा असतो, राग नसावा.

आता वेळेची गोष्ट. डॉबेन ऊन चांगलं वर आल्यावर उघडते आणि दुपार कलली की मिटते. आमची सून सकाळी साडेसातला कामावर जाते, दिवेलागणीनंतर येते. वर्षभर तिने फक्त मिटलेल्या कळ्या पाहिल्या. एकदा म्हणाली, "बाबा, तुमचं फूल मी फोनवरच बघते." मग गच्चीवर, जिथे दिवसभर ऊन असतं, चार फूट व्यासाची सिमेंटची टाकी बांधून घेतली आणि तिच्यात रात्री उमलणारी लाल लिली लावली. त्याआधी गच्चीला एवढं पाण्याचं वजन झेपेल का, हे बांधकामवाल्याला विचारून घेतलं. टाकी या लिलीसाठी जेमतेमच आहे, पण संध्याकाळी फूल उघडतं ते दुसऱ्या दिवशी नऊ-दहापर्यंत. जुने कवी कमळाला सूर्यविकासी आणि कुमुदाला, म्हणजे रात्री उमलणाऱ्या लिलीला, चंद्रविकासी म्हणत, ते उगाच नाही. सून आता आली की आधी चप्पल घालूनच गच्चीवर जाते.

डासांबद्दल पुरवणीत एक शब्द नव्हता. शेजाऱ्यांनी तक्रार केलीच. अळ्या तपासायला आलेल्या मुलीने डोणीत टॉर्च मारून पाहिला, गप्पी मासे दिसले, काही न लिहिता निघाली. दहा-बारा गप्पी पुरतात. नळाचं पाणी मात्र एक दिवस उघडं ठेवून मग ओतावं. चित्रकार मोने यांनी १८९३ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नीला लिलीचं तळं करायचं ठरवलं, तेव्हाही गावकऱ्यांनी हरकत घेतली होती, की या परदेशी झाडांनी नदीचं पाणी बाधेल. त्यांनी थेट प्रीफेक्टला, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यालाच, पत्र लिहिलं. हरकतीचा अर्ज कुठल्याही देशात सारखाच, हे वाचून बरं वाटलं.

आम्हा सातारकरांसाठी वेगळी विनंती. कासच्या कुमुदिनी तळ्यातली झालरीची पांढरी फुलं पाहून 'तिथलाच कंद आणू' म्हणणारे मला भेटले आहेत. ती लिली नाहीच, तिचं कुळच निराळं. आणि कासवरून काहीही उपटायचं नसतं. तसंच, जांभळ्या फुलांची जलपर्णी कोणी लिली म्हणून दिली तर घेऊ नये. घेतलीच असेल तर वाळवून कचऱ्यात टाकावी, ओढ्यात सोडू नये.

माझ्याकडे सध्या डॉबेनची नऊ पिल्लं आहेत. ज्यांना हवी त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, पत्ता तिथे आहे. फक्त चिठ्ठीत पाण्यावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते लिहावं. अंदाजे नको.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा