डांबरी झाली, मागच्या शेतांची वाट गेली

महोदय,

ग्रामसडक योजनेतून आमच्या गावाला डांबरी रस्ता झाला. एसटी आता फाट्यावर न थांबता थेट गावात येते. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत आहे, त्यामुळे दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुली तालुक्याला जाऊ लागल्या. दुधाचा टेम्पो भर पावसातही चुकत नाही. रस्त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती रस्त्याला न लागणाऱ्या शेतांची.

डांबरी होताच कडेच्या जमिनींचे भाव चढले. काहींनी विकल्या. घेणाऱ्यांनी पेरणीच्या आधी सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपण घातले. त्याच बांधावरून मागच्या खातेदारांच्या बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या. सातबाऱ्यावर नोंद नव्हती, कारण ती करावी असे कोणाला वाटलेच नाही. भावकीत अशा वाटा तोंडी चालतात. नवा मालक भावकीतला नाही, त्यामुळे त्याला दोष तरी काय देणार?

आमच्याकडे टोमॅटोची तोडणी ऐन पावसाळ्यात येते. काळ्या रानात पाय घोट्याच्या वर रुततो. वीस-वीस किलोचे कॅरेट डोक्यावर घेऊन मजूर ओढ्याच्या कडेने डांबरीपर्यंत येतात, तेव्हा कुठे पिकअप पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला निघते. तोडायची मजुरी वेगळी, वाहायची वेगळी. भाव पडला की माल झाडावर सोडलेला परवडतो. द्राक्षबाग लावावी, तर फवारणीचा ट्रॅक्टर आत न्यायचा कुठून? शेवटी अशी जमीन पडून राहते आणि पुढचा प्लॉटवालाच ती पडत्या भावात मागतो.

कायदा आहे. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. आमचे सहा महिने पाहुण्यारावळ्यांना मध्ये घालण्यातच जातात. मग उरते जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 143 : बांधावरून नवी वाट मागा आणि तारखांना फिरा. शेतरस्ता 3 ते 4 मीटरचा असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असा निर्णय 2025 मध्ये झाला. चांगला आहे, पण त्याची आठवण होते भांडण तहसीलला गेल्यावर.

त्यापेक्षा गावरस्ता मंजूर होतानाच गावनकाशावरचे गाडीरस्ते, शिवरस्ते मोजून दगड रोवावेत आणि वहिवाटीच्या तोंडी वाटाही पंचनामा करून इतर हक्कांत चढवाव्यात. भाव चढण्याआधी हे झाले तर कोणी फारसे अडवत नाही. गुंठ्याचा भाव कळल्यावर सख्खा भाऊही वीतभर सोडत नाही. आणखी एक : कडेचे गटार खोदताना प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी सिमेंटच्या नळ्या टाकण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. नाहीतर शेतकरी चारीत माती लोटून ट्रॅक्टर चढवतो आणि तुंबलेले पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात शिरते.

– एक शेतकरी, ता. दिंडोरी, जि. नाशिक