वर्गणी देतो, हिशोब कुठं बघू? धर्मादाय आयुक्तांना एका दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

कळंबच्या बाजारपेठेत माझं किराणा दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. गावात वर्गणी मागायची म्हटलं की पहिली पायरी दुकानाचीच चढतात. मास्तर शाळेत गेलेले असतात, डॉक्टर पेशंट तपासत असतात, शेतकऱ्याच्या हातात सोयाबीन विकल्यावरच काय तो पैसा येतो. आम्ही मात्र दिवसभर उघडे, आणि गल्ला समोर दिसतो. गणपती, देवी, जयंत्या, सप्ताह, उरूस, भंडारा, मंदिराचा कळस, क्रिकेटच्या स्पर्धा, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं तेरावं. वर्षात मागणाऱ्यांचा खंड म्हणून पडत नाही.

देणं मला जड जातं म्हणून हे पत्र लिहीत नाही. दिल्याशिवाय आमच्याकडं दुकान चालतही नाही आणि दिल्याशिवाय मला बरंही वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मागणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि हो म्हटलं तर पैसा कुठं गेला ते दिसलं पाहिजे. या दोन्हींपैकी आज एकही धड जमत नाही. हे काम तुमच्या खात्याचं आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो.

आधी चांगलं काय आहे ते सांगतो. आमच्या भागातल्या खेड्यांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. त्याची पट्टी घरटी ठरते, कुठं जमिनीच्या एकरावर ठरते. ज्याच्याकडं पैसा नाही तो गव्हाचं पायलीभर पीठ देतो, तेही नसेल तर पंगतीत वाढायला उभा राहतो. अनेक गावांत पीठ घरोघर वाटून देतात आणि पोळ्या करून आणायच्या असतात. कुणाच्या घरून किती आल्या हे साऱ्या गावाला माहीत असतं. काल्याच्या कीर्तनानंतर कुणीतरी माईक हातात घेतो आणि जमा-खर्च वाचतो. महाराजांचं मानधन एवढं, मंडप एवढा, तेल-डाळ एवढी, शिल्लक एवढी. शिल्लक पुढच्या वर्षाला की सभामंडपाच्या पत्र्याला, यावर तिथंच भांडण होतं. होऊ द्या. सगळ्यांसमोर होतं ना. अशा सप्ताहाला तेलाचा डबा पाठवताना मी कधी पावतीही मागितली नाही.

आता शहरवजा गावातली तऱ्हा बघा. पाच-सहा पोरं येतात. पावती पुस्तकात आकडा आधीच लिहिलेला असतो. "काका, तुमच्या नावावर पाच हजार टाकलेत." कोणी टाकले, कशावरून टाकले, विचारायची सोय नाही. मग घासाघीस. मी एक हजार म्हणतो, ते तीनवर येतात, शेवटी कुठंतरी मिटतं. दान देताना भाजीबाजारासारखी घासाघीस करावी लागते, याची मला देवाच्या आधी माणसांपुढं लाज वाटते. पोरं गल्लीतलीच. त्यांच्या बापाचं माझ्याकडं खातं असतं, आईचं महिन्याचं सामान माझ्याकडून जातं. नाही म्हटलं तर उद्या कुणी दगड मारेल असं नाही, पण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. रस्त्यावर दोरी आडवी धरून ट्रकवाल्यांकडून घेतात, त्या परमुलुखातल्या ड्रायव्हरला तर तेवढाही आधार नाही. त्याला वर्गणी म्हणायचं का, हे मी तुमच्यावर सोडतो.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ४१-क प्रमाणं नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करायच्या आधी धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्यायची आणि उत्सव झाल्यावर हिशोब द्यायचा. परवानगी आता ऑनलाइन मिळते. कागदावर चोख. पण दुकानाच्या पायरीवर आलेल्या पोरांना परवानगी क्रमांक विचारा, ती एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. आणि ज्यांनी हिशोब दिला, तो जातो तुमच्या जिल्हा कार्यालयात. पैसा दिला मी, माझ्या शेजारच्या शिंप्यानं, कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं. आम्हाला तो कागद कधीच दिसत नाही. सप्ताहाच्या माईकवर जे फुकट होतं, ते तुमच्या कार्यालयात फाईलबंद होतं.

याच कायद्यातल्या कलम ५४ बद्दल लिहितो. ते वाचून मला वडिलांची आठवण झाली. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीच्या पट्टीवर हमाली, तोलाई यांच्या खाली पूर्वी 'धर्मादाय' म्हणून काही पैसे कापायचे. शेतकरी विचारत नसे, आडत्या सांगत नसे. त्यातून कुठं पाणपोई झाली, कुठं गोशाळेला चारा गेला, कुठं काहीच झालं नाही. कायदा करणाऱ्यांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. कलम ५४ म्हणतं की धंद्याच्या रिवाजानुसार धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम ही घेणाऱ्याची नव्हेच, तो तिचा फक्त विश्वस्त, आणि तिचा हिशोब त्यानं धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीच्या लोकांना कळलं होतं की देणाऱ्यानं न विचारता दिलेला पैसा सगळ्यात आधी हरवतो. मोबाईलवरच्या क्यूआर कोडला हे कलम कुठं लागतं, कुठं नाही, हे वकिलांना विचारा. तत्त्व तेच आहे.

मोबाईलवरून आठवलं. हल्ली मुंबई-पुण्याहून फोन येतात. गोड आवाजातली मुलगी एखाद्या लेकराच्या हृदयाच्या छिद्राबद्दल सांगते आणि शेवटी म्हणते, सर, आयकरात ऐंशी-जीची सूट मिळेल. मी नवीन करप्रणालीत आहे, तिथं ही वजावट मिळतच नाही. हे सांगितलं की तिच्या कागदावरचा पुढचा परिच्छेद संपतो. असो.

ऑपरेशनच्या मदतीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याकडून गंभीर पेशंट लातूर, सोलापूर, संभाजीनगर नाहीतर पुण्याला जातो. दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर फोटो फिरायला लागतो: नाकात नळी, खाली खाते क्रमांक, दवाखान्याचं अंदाजपत्रक काही लाखांचं. व्यापारी असोसिएशन फिरते, आम्ही देतो. अशा वेळी कोण हिशोब मागणार? पण याच कायद्याच्या कलम ४१-कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांतून निर्धन रुग्ण निधी बाजूला काढायचा असतो. ज्या दवाखान्याचं अंदाजपत्रक व्हॉट्सअॅपवर फिरतंय तो धर्मादाय आहे का, तिथं खाट रिकामी होती का, नातेवाइकांना कुणी हे सांगितलं का? मागे ओळखीतल्या एका पेशंटच्या घरच्यांना मी विचारलं. त्यांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. दवाखान्याच्या काउंटरवर कुणी सांगितलं नव्हतं. जे त्यांना हक्कानं मिळायचं असेल, त्यासाठी ते गावोगाव हात पसरत होते आणि आम्ही आपलं पुण्य समजून खिशात हात घालत होतो. दवाखान्याची जबाबदारी आम्ही दानातून भागवतो आहोत, ही गोष्ट आयुक्त साहेब, मला सगळ्यात जास्त खटकते.

शाळा-कॉलेजांच्या 'इमारत निधी'वर लिहीत नाही. १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, तो कसा पाळला जातो ते मराठवाड्यातल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. ते दान नव्हेच.

आता सप्टेंबर २०२५ च्या पुराचं. मांजरा, तेरणा, सीना या नद्या कुठं वाहायच्या आणि कुठं वाहिल्या ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. भूम, परंड्याकडं गोठ्यांतली जनावरं वाहून गेली, सोयाबीनच्या रानावर गाळ नाहीतर खाली नुसता खडक उरला. त्या दिवसांत आमच्या बाजारपेठेत कुणी पावती पुस्तक घेऊन फिरलं नाही. लोकांनी आपण होऊन टेम्पो भरले. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, जनावरांची पेंड, बायकांना लागणाऱ्या वस्तू. ज्याची माझ्याकडं थकबाकी आहे असा एक जण आला आणि म्हणाला, माझ्या नावानं दहा किलो पीठ टाका, मागच्या खात्यात धरा. मी धरलं नाही, पण त्यानं सांगितलं ते महत्त्वाचं. नंतर मदतीच्या पिशव्या आल्या, सरकारच्या नव्हे, पक्षाच्या, त्यांवर नेत्यांचे फोटो. ज्या घरात भिंतीवरचे देवाचे फोटोसुद्धा वाहून गेले, त्या घरात हे फोटो. लोक चिडले, बरोबरच चिडले.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तेव्हाही देशभरातून ट्रक आले. जुन्या साड्यांचे, स्वेटरचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडल्याचं आमच्याकडं अजून सांगतात, कारण कुणाला काय हवंय ते विचारायला कुणी थांबलं नव्हतं. देणाऱ्याचीही चूक असते, हे मी कबूल करतो. घरातलं नको ते काढून दिलं की दान झालं असं समजणारे आम्हीच.

आणखी एक. खरी गरज असलेला माणूस पावती पुस्तक घेऊन येत नाही. तो येतो, साखर-चहापत्ती घेतो, आणि लिहून ठेवा म्हणतो. जिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला ती बाई अशीच येते. तिला शंभर माणसांसमोर चेक देऊन फोटो काढणारे पाहिलेत. त्या फोटोनंतर ती दुकानात यायची बंद झाली, लाजेनं. अशा खात्यांचं काय करायचं ते माझं मी बघतो. त्याची परवानगी नको, पावती नको, आणि त्यावर तुमचंही नियंत्रण नको.

तुमच्याकडं मागणं फार मोठं नाही. परवानगीचा क्रमांक प्रत्येक पावतीवर छापलेला असणं बंधनकारक करा आणि तो मोबाईलवर टाकला की मंडळाचं नाव निघावं. हिशोब तुमच्याकडं पोचल्यावर त्याची प्रत नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि शक्य तर जिथं मूर्ती बसली होती त्याच चौकात लावायला लावा. धर्मादाय रुग्णालयांची जिल्हावार यादी, रिकाम्या राखीव खाटांसकट, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठळक मराठीत लावा. ऑनलाइन आहे असं म्हणू नका. पेशंटला पुण्याला नेणाऱ्या माणसाला त्या रात्री वेबसाइट उघडायला सुचत नाही.

बाकी मी माझ्यापुरतं सुरू केलंय. काउंटरवर पाटी लावली आहे: 'परवानगी क्रमांक दाखवा, वर्गणी घ्या. गेल्या वर्षीचा हिशोब दाखवा, दुप्पट घ्या.' काही पोरं चिडून गेली. शेजारचे व्यापारी म्हणतात, उगाच वैर घेतोस. पण एका मंडळाची पोरं गेल्या आठवड्यात वहीच घेऊन आली. त्यात ढोल-ताशाला अर्ध्याहून जास्त खर्च होता, तो मला अजिबात पटला नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पाटीवर लिहिलं होतं म्हणून दुप्पट मात्र दिले. तुमच्या कार्यालयात त्यांनी हाच हिशोब दिला आहे का, तेवढं एकदा तपासून कळवावं.

आपला,
एक किराणा दुकानदार
कळंब, जि. धाराशिव