वाघाला झोपू द्यावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सर्व मंडळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहून आलो. मुलांना वाघ-सिंह दाखवायचे म्हटले की सोलापुरातील अनेक कुटुंबे आणि शाळांच्या सहली तिकडेच जातात, म्हणून तेथे प्रेक्षकांच्या वागण्यात जे दिसले ते येथील वाचकांपुढे मांडत आहे.

भर दुपारी वाघ खंदकापलीकडच्या सावलीत कुशीवर झोपला होता. कठड्याशी गर्दी होती आणि त्या गर्दीतली मोठी माणसे शिट्ट्या वाजवत होती, टाळ्या पिटत होती, ‘ए, ऊठ की’ म्हणून ओरडत होती. सुरक्षारक्षक सारखा सर्वांना गप्प करत होता. एक घोळका शांत झाला की दुसरा सुरू होई. वाघाने डोळे उघडले नाहीत, पण प्रत्येक आरोळीसरशी त्याचा वरचा कान आवाजाच्या दिशेने वळत होता आणि शेपटीचे टोक जमिनीवर आपटत होते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या ते लक्षात आले. ‘तो झोपलेला नाही, त्याला झोपू देत नाहीत,’ असे ती म्हणाली.

वाघ दिवसातील बराचसा वेळ विश्रांतीत घालवतो, सिंह तर त्याहूनही अधिक. हा आळस नव्हे आणि आजारही नव्हे. जंगलात बहुतेक पाठलाग फसतात, त्यामुळे पुढच्या शिकारीसाठी शक्ती राखून ठेवणे हा या प्राण्यांचा स्वभावच झाला आहे. त्यांची हालचाल मुख्यतः पहाटे, सायंकाळी आणि रात्री असते. आपण मात्र नेमके दुपारी पोहोचतो आणि ‘वाघ काहीच करत नाही’ म्हणून हिरमुसतो. शिवाय मांजरकुळातील प्राण्यांची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते, तेव्हा आपल्याला साधी वाटणारी शिट्टी त्यांना कशी ऐकू येत असेल, याचा विचार व्हायला हवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे हा गुन्हा आहे, ही गोष्टही फारच थोड्यांना ठाऊक असते.

सोलापूर जिल्ह्याला या विषयाचे महत्त्व अधिक आहे. २०२० मध्ये करमाळा तालुक्याने नरभक्षक बिबट्याची दहशत अनुभवली. २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या वाघाचा वावर येडशी-रामलिंग परिसरात आणि आपल्या बार्शी तालुक्यात होता. अशा वेळी कोठेही बिबट्या दिसल्याची बातमी पसरली की मोबाइल घेऊन धावणारा, आरडाओरडा करणारा जमाव वन कर्मचाऱ्यांचे काम अवघड करून ठेवतो, आणि बिथरलेला प्राणी त्याच जमावावर चालून येण्याचा धोका असतो. प्राणिसंग्रहालयाच्या कठड्याशी मुले जे पाहतात, तेच ती उद्या शिवारात करतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

म्हणून शहरातील व जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना विनंती आहे की सहल निघण्यापूर्वी एक तास केवळ यासाठी द्यावा. वाघ झोपलेला दिसला तर काय पाहायचे, हे मुलांना सांगावे: पट्टे दोन्ही बाजूंना सारखे असतात का, कानांच्या मागचा पांढरा ठिपका कोठे आहे, श्वासागणिक पोट कसे हलते. इतके काम हाती असले की मुले आपोआप शांत उभी राहतात. आमच्या मुलीने कानांवरून नजर हटवली नाही. पालकांना कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी आपल्या वृत्तपत्राने उन्हाळी सुट्टीपूर्वी, सहकुटुंब सहलींचे बेत ठरू लागतात तेव्हा, कलम ३८-जे मधील तरतुदी आणि या प्राण्यांची दिनचर्या ठळकपणे प्रसिद्ध करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक पालक, सोलापूर