दातांचा लेख आणि दुधाची अ‍ॅलर्जी

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला टूथपेस्टवरचा लेख वाचला. फ्लोराइडला साथ देणाऱ्या घटकांबद्दल मराठीत कोणीतरी लिहिलं याचा आनंद झाला. तो तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे लेखकमहोदयांनी दुधातल्या केसीन या प्रोटीनपासून केलेल्या पेस्टची इतकी भलामण केली आहे की डेअरीवाल्यानेही लाजावं. ‘नैसर्गिक, म्हणून सर्वांना निर्धोक’ हे वाक्य छापण्यापूर्वी तुमच्याकडे कोणी वाचलं तरी होतं का?

आमच्या नातवाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचत नाही असं नव्हे, दुधातलं प्रोटीनच चालत नाही. पेढ्याचा कण पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात. गणपतीत प्रसाद वाटणाऱ्यांवर नजर ठेवण्यातच सूनबाईंचा उत्सव संपतो. गेल्या वर्षी त्याच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले म्हणून इथल्याच एका दातांच्या दवाखान्यात नेलं. ‘किडीची सुरुवात आहे, भोक पडलेलं नाही, भरून येऊ शकेल,’ असं डॉक्टर म्हणाले. इथपर्यंत सगळं ठीक. मग ड्रॉवरमधून एक ट्यूब काढून दिली, रात्री ब्रश झाल्यावर बोटाने लावायची आणि चूळ भरायची नाही. अ‍ॅलर्जीचं सुनेने तोंडी सांगितलं होतं, फॉर्मवर लिहिलंही होतं. रात्री पेस्ट लावली आणि बघता बघता वरचा ओठ टम्म सुजला, गळ्यावर गांधी. अ‍ॅलर्जीचं औषध घरात कायम असतं, ते देऊन तसेच इस्पितळात धावलो. पोरगा बचावला.

घरी आल्यावर भिंग लावून ट्यूब वाचली. केसीन फॉस्फोपेप्टाइड! आणि खाली चक्क सूचना, की दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी वापरू नये. बनवणाऱ्याने छापलं होतं, देणाऱ्याने वाचलं नव्हतं. जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “आजी, हे दूध थोडंच आहे, पेस्ट आहे.” तुमच्या लेखकांचे हे नातेवाईक तर नव्हेत?

या घटकांशी माझं वैर नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे. तोंडात आम्ल वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. फ्लोराइड ते परत बसवायला मदत करतं, पण त्याला माल लागतो. फ्लोरअ‍ॅपटाइटच्या, म्हणजे फ्लोराइड बसून बनणाऱ्या दाताच्या खनिजाच्या, सूत्रात २ फ्लोराइडमागे १० कॅल्शियम आणि ६ फॉस्फेट आहेत. हा माल एरवी लाळ पुरवते, आणि झोपेत लाळ कमी होते. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात जिलबी-रबडी हाणून तसंच अंथरुणावर पडणाऱ्या आमच्या इंदूरला हे सांगायला हवं होतं. केसीनचं कौतुक एवढंच, की ते कॅल्शियम-फॉस्फेटचा साका होऊ न देता त्यांना दातापर्यंत पोचवतं. ज्यांना दूध चालतं त्यांनी खुशाल लावावं.

आणखी एक. ‘चॉक ही निव्वळ भरताड’ म्हणे! चॉकच्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड घातलं तर ते त्यातल्या कॅल्शियमशी जुळून ट्यूबमध्येच निकामी होऊ लागतं. म्हणून तिथे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असतं. सिलिकाची पेस्ट असेल तर सोडियम फ्लोराइड चालतं. ट्यूबवर घासणारी पूड आणि फ्लोराइड यांची जोडी बघा, हे सांगायला दोन ओळी लागल्या असत्या. फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार) आत असावं आणि आकडा ट्यूबवर छापावा, असा आपल्याकडे नियम आहे, त्याचाही पत्ता नाही. जागा कमी पडली म्हणावं, तर लेखाच्या अगदी खाली कोळशाच्या काळ्या टूथपेस्टची पाव पान जाहिरात आहे. तीत ‘फ्लोराइडमुक्त’ हे ठळक अक्षरांत. वर फ्लोराइडचे गोडवे, खाली ही जाहिरात! पान लावणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद देते.

अ‍ॅलर्जीबद्दलचा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टायपात यावा. आतल्या पानावर तळाशी नको.

शिवाय शब्दकोड्याची उत्तरं हल्ली छापून येत नाहीत. तीही द्यावीत.

आपली जुनी वाचक,
रामबाग, इंदूर