मंगलला पत्र: केशिनीची गोष्ट

प्रिय मंगे,

तू पाठवलेल्या, बायांनी लिहिलेल्या रामायण-महाभारताच्या पुस्तकांचं पार्सल मिळालं. कुरिअरवाला आपल्या गावात येतच नाही, राळेगावच्या मोबाईलच्या दुकानात ठेवून गेला होता, आमचे हे हरभऱ्याचं बियाणं आणायला गेले तेव्हा घेऊन आले. वेचणी सुरू आहे, मजूर मिळून नाही राहिले, त्यामुळे दिवसा पुस्तक हातात धरायची सोयच नाही, रात्री लाइट असली तर वाचून राहिली.

तू विचारलं कशी वाटली. सरळ सांगू? सगळी नाही आवडली. कविता काणेची कर्णाच्या बायकोवरची 2013 ची इंग्रजी कादंबरी डिक्शनरी घेऊन वाचली. कर्णाच्या बायकांबद्दल महाभारत काही बोलतच नाही म्हटलं तरी चालते, म्हणून बाईनं उरुवी नावाची राजकन्या कल्पनेतून उभी केली, नवऱ्याला तोंडावर प्रश्न विचारणारी. वाचायला मस्त आहे, खोटं कायले बोलू. मग तिची उर्मिला वाचली, लक्ष्मणाच्या मागं चौदा वर्षं राहिलेली, तीही बरी आहे. पण मले एक गोष्ट खटकून राहिली. राजाची गोष्ट होती, ती राणीची झाली, बरं झालं, पण आपण वाड्याच्या बाहेर काही निघालो नाही. पाणी भरणारी, निरोप नेणारी, उष्टं काढणारी कुठी गेली?

त्या मानानं आपली इरावती कर्वे लय पुढं होती बघ. 'युगान्त' 1967 चं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं, आणि त्यात ती कोणाचेच लाड करत नाही, गांधारीचे नाही, कुंतीचे नाही. शेवटी द्रौपदी वाटेत पडते, आणि भीमाला म्हणते पुढच्या जन्मी थोरला हो. हे व्यासाचं नाही, बाईनं स्वतः लिहिलेलं आहे, पण वाचल्यावर वाटते की असंच झालं असणार. आणि खांडववन जाळलं तेव्हा आत राहणाऱ्यांचं काय झालं हे विचारायलाही ती विसरत नाही.

पण खरी झोप उडवली बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या कुंती आणि निषादीच्या, म्हणजे रानातल्या निषाद जमातीच्या बाईच्या, गोष्टीनं. लाक्षागृह तुले माहीतच आहे. कुंतीनं त्या रात्री जेवण घातलं, एक निषाद बाई पाच पोरं घेऊन खायला आली, दारू पिऊन तिथंच झोपली, आणि पांडव घर पेटवून भुयारातून निघून गेले. सकाळी लोकांना सहा मढी दिसली, झालं, पांडव मेले. व्यास म्हणतो तिला काळानंच तिथं आणलं. काळानं! ताट तर कुंतीनं वाढलं होतं ना. महाश्वेताबाई काय करते, म्हाताऱ्या कुंतीला जंगलात कर्णासाठी, स्वतःच्या पापांसाठी रडू देते, आणि मग त्या जळालेल्या बाईची सून समोर आणून उभी करते. कुंतीला तर ती सहा माणसं आठवतही नसतात. बाईचा हिशोब बाईच मागून राहिली, म्हणून मले ती गोष्ट जास्त खरी वाटली.

आता इकडचं सांगते. मागच्या आठवड्यात आमच्याकडे सीतादही झाली. आत्याबाईंनी कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावलं, दहीभात शिंपडला, मग पहिली बोंडं वेचली. मी उगाच विचारलं, रामाचं नाव काऊन नाही घेत? तर म्हणे, वावर तिचं आहे, त्याचं काय काम! आणि रावेरी तर आपल्याला लागूनच, तिथल्या देवळात सीता एकटीच आहे, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ते देऊळ पुन्हा बांधून घेतलं. तिथली गोष्ट तुझ्या आईनं आपल्याला सांगितली होती बघ, बाळंत सीतेनं गावात मूठभर गहू मागितले, कोणी दिले नाही, तर तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही. आपल्याच गावावर ठपका ठेवणारी गोष्ट, आणि ती बायांनी टिकवली. या कोणत्या लेखिका आहेत सांग बरं? नाव छापलं नाही एवढंच.

तसं नाव लागायला सुरुवातही इकडंच झाली म्हणा. तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या महदंबेनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गायले, मराठीतली पहिली कवयित्री तिलाच म्हणतात. आणि रुक्मिणी म्हणजे कौंडण्यपूरची, म्हणजे आपलीच पोरगी. भागवतात तिचं पत्र काढून वाच एकदा, सात श्लोक आहेत. प्रेम वगैरे आहेच, पण शेवटी शुद्ध प्लॅनिंग! लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवीला जाते, तिथून ने, म्हणजे माझे भाऊबंद मरणार नाही. एवढं डोकं चालवलं, आणि आपण काय म्हणतो, कृष्णानं पळवून नेली.

दमयंतीही विदर्भाचीच. नळ कुठं लपला हे काढायला तिनं खोटं स्वयंवर उठवलं, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला एका दिवसाची मुदत दिली, कारण तेवढ्या वेळात रथ आणू शकेल असा नळच. पण मंगे, मले आता दमयंती नको, मले तिची दासी केशिनी पाहिजे. बाहुक नावाच्या सारथ्याच्या वेषातल्या नळावर नजर ठेवायला तीच जाते. त्यानं नुसतं पाहिलं की रिकामी भांडी भरतात, गवताची काडी उन्हात धरली की पेटते, बुटकं दारही त्याच्यासाठी उंच होते, हे सगळं तिनं पाहिलं. त्यानं शिजवलेलं मांस आणून दमयंतीला चाखवलं, लेकरं घेऊन गेली. तो लेकरांना पाहून रडला, आणि मग तिलाच म्हणतो, तू सारखी सारखी येऊन राहिली, लोक संशय घेतील, जा. म्हणजे नवरा-बायकोची भेट घडवायची हिनं, आणि बदनामी झाली तर तीही हिचीच. पुढं ती कुठी गेली कोणी विचारलं नाही.

मी लिहायला घेतलं आहे. वहीच्या मागच्या पानांवर, वऱ्हाडीत, कारण केशिनी माझ्या डोक्यात दुसऱ्या बोलीत बोलतच नाही. हसू नको. तू पुण्यात आहेस तर वनपर्वाचं चांगलं मराठी भाषांतर, नळाख्यान पूर्ण असलेलं, कुठल्या लायब्ररीत मिळते का बघ आणि त्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाक, इथं सापडलेली पोथी अर्धी उंदरानं खाल्ली आहे. दिवाळीला येशील तर कौंडण्यपूरला जाऊ, तोवर माझी चार पानं झाली असतील, आणि तुझी पेन्सिल लाल असू दे, पोरांचे पेपर तपासते तशी तपास.

तुझी,
वंदी